गादी सरकलेली एमआरआयमध्ये दिसतेय, तरी नसांची तपासणी कशाला?

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. मी इचलकरंजीची, वय ४६. घरची पिठाची गिरणी आहे, ती मीच चालवते. दिवाळीच्या आधी भाजण्यांची गर्दी असते. त्या गडबडीत ज्वारीचं पोतं सरकवताना कमरेत चमक भरली. कमर थोड्या दिवसांनी सुटली, पण कळ खाली उतरली. आता उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत जाते आणि तिथून पावलाच्या बाहेरच्या कडेने थेट करंगळीपर्यंत. करंगळी आणि ती कड बधीर. शिंक आली की जीव जातो.

हाडाच्या डॉक्टरांनी खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं, पावलं मागे लोंबती ठेवली आणि टाचेमागच्या जाड शिरेवर रबरी हातोडी मारली. डावं पाऊल टुणकन उडालं. उजवं ढिम्म. मग म्हणाले, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवा आणि मी म्हणेन तेव्हा जोरात ओढा. तसंही केलं. तरी ढिम्मच.

एमआरआय झाला. त्यात एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) बल्ज, म्हणजे गादी फुगलेली, आणि एल५-एस१ ला (त्याच्या खालच्या जोडात) उजवीकडे प्रोट्रूजन, म्हणजे गादी बाहेर आलेली, असं लिहिलंय. म्हणजे एक सोडून दोन गाद्यांची भानगड. आता डॉक्टर म्हणतात ईएमजी-एनसीव्ही (शॉक देऊन आणि सुई घालून नसा-स्नायू तपासतात ती) करून या, आणि त्यात एच रिफ्लेक्स घ्यायला आठवणीने सांगा.

फोटोत सगळं दिसत असताना पुन्हा शॉक कशाला घ्यायचे, हे मला कळेना. दुसरं, नुसतं टाचेवर ठोकून कमरेतली कुठली नस बिघडली हे डॉक्टर कसं काय सांगतात? आणि रिफ्लेक्स गेला म्हणजे नस मेली असं समजायचं का? आमच्या जाऊबाई म्हणतात शॉक घेतल्याने नसा आणखी कमजोर होतात. त्यांच्या माहेरी कुणाचं तरी तसं झालं म्हणे.

अजून एक. गिरणीच्या वरच्या तोंडात डबा रिकामा करताना मला टाचा उचलून उभं राहावं लागतं. हल्ली भार एकट्या उजव्या पायावर आला की टाच उचलतच नाही. दुखत नाही, नुसती उचलत नाही. हे डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं आहे का?

निवांत_बाबुराव

ताई, पैसे घालवू नका. आमच्या मेव्हण्याला असंच झालं होतं. कटीबस्ती केली, वर लाकडी पलंगावर झोपला, आता टकाटक. ही शॉकबिक म्हणजे नुसती बिलं वाढवायची कामं.

मिलीसेकंद

गिरणीवाली ताई, मी डॉक्टर नाही. नाशिकला ईएमजीच्या खोलीत टेक्निशियन आहे, आणि आयुष्य ह्यातच गेलंय. सुई डॉक्टर घालतात, शॉक मी देतो, त्यामुळे शिव्या माझ्या वाट्याला.

टाच उचलत नाही हे फोन करून आजच्या आज सांगा. तुमच्या सगळ्या पोस्टीत मला तेच वाक्य महत्त्वाचं वाटलं. दुखल्यामुळे उचलत नाही आणि दुखत नसताना उचलत नाही ह्यात फार अंतर आहे. पोटरीच्या स्नायूंना मुख्यतः एस१ ची नस चालवते, एल५-एस१ च्या गादीशेजारून जाणारी. पावलाची बाहेरची कड आणि करंगळी एस१ च्या ताब्यात. टाचेचा रिफ्लेक्सही एस१ चाच. तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच दाराशी येऊन थांबतात.

आता हातोडीचं. टाचेमागची शीर ठोकली की पोटरीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. ताण बसल्याची बातमी पायातून वर जाते, एस१ च्या मुळातून मज्जारज्जूत शिरते, आणि मेंदूला न विचारता तिथल्या तिथे स्नायू आवळायचा हुकूम सुटतो. तो हुकूम एस१ च्याच मुळातून खाली येतो. ह्या वाटेत कुठेही अडथळा असला की पाऊल ढिम्म. गुडघ्याच्या वाटीखाली ठोकतात तो रिफ्लेक्स एल३-एल४ चा. कुठला उडतो, कुठला उडत नाही, आणि मुख्य म्हणजे डावा-उजवा सारखा आहे का, ह्यावरून मजला ओळखायचा. बोटं अडकवून ओढायला लावतात ती युक्ती हंगेरीच्या येंद्रासिक ह्या डॉक्टरांची, १८८५ सालची. दुसरीकडे जोर लावला की दबलेला रिफ्लेक्स वर येतो. तुमच्या डॉक्टरांनी तेवढंही करून बघितलं, म्हणजे माणूस घाईतला नाही.

पण हातोडी डोळ्याने वाचायची असते. किती उडाला, उशिरा उडाला का, हे बघणाऱ्यावर. एच रिफ्लेक्स म्हणजे तीच वाट, फक्त हातोडीच्या जागी वीज आणि डोळ्याच्या जागी यंत्र. हॉफमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९१० मध्ये हा दाखवला, एच त्याच्या नावातला.

करतो कसा ते सांगतो, म्हणजे भीती जाईल. पेशंटला पालथं झोपवायचं, घोट्याखाली उशी, पावलं कॉटच्या बाहेर सैल. पोटरीवर पट्ट्या चिकटवायच्या. गुडघ्याच्या मागे जो खोलगट भाग आहे तिथे शॉक. हा शॉक बाकीच्या तपासणीपेक्षा हलका असतो, मुद्दामच. नसेतले ताणाची बातमी नेणारे धागे जाड असतात, ते कमी विजेला आधी जागे होतात. शॉक १ मिलीसेकंदाचा, दोन शॉकांत काही सेकंद थांबायचं, नाहीतर मज्जारज्जूतला जोड दबतो आणि उंचवटा उगाच लहान येतो. पडद्यावर आधी नुसती सपाट रेष पळते आणि ३० मिलीसेकंदांच्या आसपास एक गुबगुबीत उंचवटा येतो. तो एच.

इथे एक गंमत आहे. वीज वाढवत नेली की अलीकडे, सुरुवातीलाच, दुसरा उंचवटा उगवतो. ती थेट स्नायूकडे गेलेली वीज, तिला एम म्हणतो. एम मोठा व्हायला लागला की एच बारीक होत जातो आणि शेवटी गायब. कारण हुकूम नेणाऱ्या धाग्यांत वीज उलटीही धावते आणि वरून येणाऱ्या हुकुमाला वाटेत आडवी जाते. नवीन पोरं नेमकी इथे फसतात. बाकीच्या सगळ्या तपासण्यांत करंट चढवायची सवय, तसाच इथेही चढवतात, एच दिसत नाही, आणि 'नाही' असं लिहून मोकळे होतात. म्हणून तपासणीच्या वेळी विचारायला लाजू नका: कमी करंटपासून हळूहळू वाढवत नेलं का, आणि दोन्ही पायांना केलं का.

दोन्ही पायांचं एवढ्यासाठी की ३० हा आकडा काही सर्वांना लागू नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. म्हणजे संदेश गुडघ्यामागून थेट तिथवर जाऊन पोटरीत परत येतो, सगळा मिळून दीडेक मीटरचा प्रवास. सहा फुटी माणसाला वेळ जास्त लागणार, तुम्ही बुटक्या असाल तर कमी. वयानेही वाढतो. त्यामुळे तुमच्या उजव्या पायाची तुलना तुमच्याच डाव्याशी. दोघांत साधारण दीड मिलीसेकंदापेक्षा जास्त फरक पडला, किंवा एकीकडे आला नि दुसरीकडे आलाच नाही, की दाल में काला.

आता तुमचा पहिला प्रश्न, फोटो असताना हे कशाला. फोटोत गादी नसेला टेकलेली दिसते. ती नस काम करतेय का नाही, हे फोटोत दिसत नाही. शिवाय टाचेचा रिफ्लेक्स कमरेत नस दबली तरी जातो, आणि खाली मांडीत किंवा पायात नस बिघडली तरी जातो. एकटा एच हे सांगू शकत नाही. त्यासाठी आम्ही घोट्याजवळची सुरल नस तपासतो. तुमची ती बधीर कड आहे ना, तिथली संवेदना नेणारी ही नस. गादीने कमरेत मूळ दबलं असेल तर तुम्हाला बधीर वाटत असूनही सुरलची रेष छान, भरघोस येते. कारण संवेदनेच्या धाग्यांच्या मूळ पेशी मुळाजवळच्या गाठीत असतात आणि गादीचा दाब सहसा त्या गाठीच्या आत, मज्जारज्जूच्या बाजूला बसतो. गाठीपासून खाली करंगळीपर्यंतचा धागा शाबूत. सुरलच खराब निघाली तर मात्र कमरेकडे बोट दाखवण्याआधी पायातल्या नसांचा विचार करावा लागतो. पेशंटला बधीर वाटतंय आणि रेष ठणठणीत, हे बघून नातेवाईक म्हणतात मशीन बिघडलंय. नाही हो, तिथेच तर उत्तर असतं.

आणि जाऊबाईंना सांगा, ह्या शॉकने नस कमजोर होत नाही. चावल्यासारखं होतं, पाय उडतो, तेवढंच. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी सांगायचं.

बाबुराव, मेव्हणे बरे झाले, आनंद आहे. त्यांची टाच उचलत होती का ते विचारा.

आंबेकाकू_फिजिओ

नागपूरहून लिहितेय, फिजिओथेरपिस्ट आहे. मिलीसेकंद ह्यांनी छान समजावलंय, पण वाचणाऱ्या इतरांनी उठून लॅब गाठू नये म्हणून थोडं.

सायटिकाच्या प्रत्येक माणसाला ही तपासणी लागत नाही. बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते, काही न करताही. गिरणीवाली ह्यांच्याकडे तपासणीला कारण आहे: एमआरआयमध्ये दोन जागा, आणि जोर गेलेला. बल्ज तर धडधाकट माणसांतही सापडतो. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला, त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांना बल्ज होता आणि ऐंशीतल्या ८४ टक्क्यांना. तेव्हा तुमचा एल४-एल५ चा बल्ज गुन्हेगार की नुसता बघ्या, हे ठरवायला नसांची तपासणी उपयोगी.

दुसरं, एल५ ला भरवशाचा रिफ्लेक्सच नाही. मांडीमागच्या शिरेवर ठोकून बघतात काही जण, पण निरोगी माणसातही तो धड मिळत नाही. म्हणून गुडघा उडाला, टाच उडाली, म्हणजे नसा ठीक, असं समजू नका. अंगठा वर उचलता येत नसलेला आणि रिफ्लेक्स सगळे ठणठणीत असलेला पेशंट मी कितीदा बघते. त्याची एल५ गेलेली असते.

तिसरं 'नस मेली का' ह्याचं. नाही. रिफ्लेक्सला सगळे धागे एका तालात धावावे लागतात, थोडा दाब आला तरी ताल बिघडतो. थोडे धागे जखमी होऊनही रिफ्लेक्स जातो आणि बाकीच्या धाग्यांवर माणूस चालत राहतो. उलट जोर परत आला, कळ गेली, तरी टाचेचा रिफ्लेक्स कधीकधी जन्मभर परत येत नाही. म्हणून बरं होतंय का बघायला एच परत परत करून काही उपयोग नाही. जोर मोजा.

आणि तो मोजायचा तर हाताने पाऊल दाबून नाही. पोटरी इतकी ताकदवान असते की अर्धी दुबळी झाली तरी माझ्या हाताला ऐकत नाही. भिंतीला नुसती बोटं टेकून एका पायावर उभं राहायचं, गुडघा सरळ, आणि टाच पूर्ण वर-खाली. आधी चांगल्या पायाचा आकडा, मग दुखऱ्याचा.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. बसायची जागा बधीर झाली, लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, दोन्ही पायांत जोर कमी वाटला, तर कुठल्याही तपासणीची वाट बघत किंवा इथली चर्चा वाचत बसू नका. त्याच रात्री हॉस्पिटल.

एसटीतला_म्हातारा

माझी गोष्ट उलटी. सातारा डेपोत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. साखर जुनी. कळ डाव्या पायात. तपासणी केली तर एच दोन्हीकडे नाही, सुरल दोन्हीकडे बारीक. रिपोर्टवर मोठ्या अक्षरात 'दोन्ही बाजूंचे एस१ मूळ खराब'. मी म्हटलं उजवा पाय तर कधी दुखलाच नाही! दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाले, काका, हा साखरेचा प्रताप आहे, ह्यावरून कमरेचं काही ठरत नाही. मग सुई घालून डाव्या पायाचे आणि पाठीचे स्नायू बघितले तेव्हा कुठे खरं कळलं. तुम्हाला साखर आहे का ताई?

मिलीसेकंद

काका, असे रिपोर्ट बघितले की माझं डोकं फिरतं. साठीच्या पुढे बऱ्याच जणांचा एच दोन्हीकडे नसतो. साखर, बी१२ ची कमतरता, दारू, ह्यांनीही जातो. एकीकडे आहे आणि एकीकडे नाही, ह्याला किंमत. दोन्हीकडे नाही ह्याला कमरेच्या बाबतीत जवळजवळ शून्य किंमत. छापील साच्यात आकडे भरून खाली निदान आपोआप चिकटवणाऱ्यांनी ही तपासणी बदनाम केलीय.

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना टाचेचं सांगितलं, त्यांनी तपासणी लवकरची करून दिली, परवाची वेळ मिळालीय. साखर नाही मला, आत्ताच तपासलीय. उपाशी जायचं का? जोडवी-पैंजण काढायची का? आणि सुई कितपत दुखते, खरं सांगा.

मिलीसेकंद

पोटभर जेवून या. पैंजण काढा, जोडवी राहू द्या. त्या दिवशी पायाला तेल किंवा क्रीम लावू नका, पट्ट्या निसटतात. सैल सलवार बरी, साडी असेल तरी चालेल, चादर असते. सकाळच्या थंडीत स्कूटरवर येणार असाल तर मोजे घाला. पाय गार पडले की नसांचा वेग खरोखर कमी होतो, मग मी तुम्हाला गरम पाण्याच्या पिशव्या लावून बसवून ठेवणार.

सुई दुखते, खोटं कशाला बोलू. इंजेक्शनसारखी, पण आत औषध जात नाही. स्नायू सैल सोडलात तर कमी. पायाच्या स्नायूंत सुईचे बदल दिसायला नस दुखावल्यापासून साधारण ३ आठवडे जावे लागतात. एच पहिल्या दिवसापासून बिघडलेला दिसू शकतो, सुई वेळ घेते. तुमचं दिवाळीपासून चालू आहे, म्हणजे वेळ बरोबर आहे.

गिरणीवाली

झाली एकदाची. शॉकांचं जेवढं ऐकलं होतं तेवढं नाही निघालं. कुल्ल्यातली सुई मात्र लक्षात राहील.

तिथल्या मॅडमना मी विचारलंच, करंट कमीपासून वाढवणार ना. त्या हसल्या आणि म्हणाल्या कुणी शिकवलं. मग पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. डाव्या पायाला ती सपाट रेष आणि मग खरंच उंचवटा, आणि करंट वाढवल्यावर तो बारीक होत गेला. उजव्याला शेवटपर्यंत सपाटच.

रिपोर्टात असं आहे: एच रिफ्लेक्स डावा २७.८ मिलीसेकंद, उजवा नाही. सुरल दोन्हीकडे नॉर्मल. सुईमध्ये उजव्या पोटरीत आणि कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूत फिब्रिलेशन (म्हणजे नस दुखावल्याच्या खुणा), नडगीच्या स्नायूत काही नाही. खाली निष्कर्ष, उजवे एस१ मूळ. ह्याचा अर्थ एल४-एल५ चा बल्ज निर्दोष सुटला का?

आंबेकाकू_फिजिओ

तुमच्या डॉक्टरांनीच शिक्का मारायचा, पण वाचायला तसंच आहे. एल४-एल५ ची गादी सहसा एल५ ला दाबते आणि नडगीचा स्नायू एल५ च्या ताब्यातला, एल४ सोबत. तो स्वच्छ आहे. पोटरी आणि कुल्ला ह्या दोघांना पायात वेगवेगळ्या नसा जातात, पण मूळ एकच, एस१. म्हणून दोन्हीकडे बदल दिसले की दोष वर, मुळाशी. सुरल नॉर्मल असल्याने तेच आणखी पक्कं होतं.

गिरणीवाली

सर्जन पण हेच म्हणाले, फक्त इतकं फोड करून नाही. टाच थोडी तरी उचलतेय, आणखी कमी होत नाहीये, लघवी वगैरे ठीक आहे, म्हणून ऑपरेशनची घाई नको म्हणाले. आधी मुळाजवळ इंजेक्शन, ६ आठवडे बघायचं. जोर उतरायला लागला तर मात्र वाट बघायची नाही, लगेच यायचं. वजन उचलायचं बंद. डबे ओतायला शेजारचा पोरगा ठेवलाय, तो निम्मं धान्य बाहेर सांडतो.

काकू, ते भिंतीला बोटं टेकून टाच उचलायचं केलं. डावी पंचवीस वेळा वर गेली आणि मीच कंटाळून थांबले. उजवी तीन, आणि तिसरी अर्धीच. हे रोज करू का?

आंबेकाकू_फिजिओ

मोजणी म्हणून रोज नको, आठवड्यातून एकदा, तेही सकाळी, गिरणी सुरू करायच्या आधी. दिवसभर उभं राहून थकलेल्या पायाचा आकडा खोटा येतो. अर्धी टाच धरायची नाही, तुमचा आकडा दोन. कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोनाचा एक झाला तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनना फोन. व्यायाम वेगळा, तो दोन्ही पायांवर मिळून उचलण्यापासून, आणि तुमच्या तिथल्या फिजिओला समोर बसवून ठरवा, इथे लिहून नाही.

निवांत_बाबुराव

मेव्हण्याला विचारलं. त्याची टाच उचलत होती म्हणे.